मार्टिन लूथर आणि रोजची भाकर

ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस आपल्या मंडळ्यांतून धर्मसुधारणेच्या दिवसाची आठवण केली जाते. विटेनबर्गची ९५ विधाने, वर्म्सच्या राजसभेपुढे उभा राहिलेला एकटा मठवासी, जर्मन भाषेतील पवित्र शास्त्र, या गोष्टी आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. परंतु लूथरच्या जीवनाची एक बाजू व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते. ती म्हणजे त्याचा उपास आणि त्याचे जेवण. विषय हलका वाटेल. तथापि ज्या माणसाने देवाची कृपा फुकट मिळते हे युरोपला पुन्हा सांगितले, तोच माणूस आधी उपाशी राहून ती कृपा मिळवू पाहात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विषय किती जवळचा व किती गंभीर आहे हे कळून येते.

हा विषय आज काढण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या घरांतून सध्या वजनाच्या काट्याचे भय फार वाढले आहे. कॉलेजात जाणारी मुलगी रात्रीचे जेवण टाळते. आई स्वतः सर्वांना वाढते आणि आपल्या ताटात अर्धी पोळी घेते. उपासनेनंतर भेटणारी माणसे कुशल विचारण्याआधी, अंगाने भरलात की उतरलात, हे सांगतात. एक घास जास्त खाल्ला तर पाप केल्यासारखे वाटते, आणि दुसरा दिवस उपाशी काढून त्याचे प्रायश्चित्त घेतले जाते. अशा वेळी लूथरचे जीवन आपल्याशी काय बोलते ते पाहू या.

भाकरीसाठी गाणारा मुलगा

मार्टिन लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आइस्लेबेन या गावी झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब मान्सफेल्ड येथे राहावयास गेले. बाप हान्स हा तांब्याच्या खाणींच्या धंद्यात कष्टाने वर आलेला मनुष्य. आरंभीच्या दिवसांत आई मार्गारेथा जंगलातून लाकूडफाटा पाठीवर वाहून आणीत असे. घरात शिस्त कडक होती. अक्रोडासारख्या एका क्षुल्लक फळासाठी आईने आपल्याला रक्त येईपर्यंत मारले होते, अशी आठवण लूथर मोठेपणी सांगत असे. आईबापांचा हेतू चांगला होता हेही तो सांगे. पण अन्न ही जपून, भीतभीत घेण्याची वस्तू आहे, असा संस्कार त्या घरात त्याच्यावर झाला असावा असे आम्हांस वाटते.

पुढे तो मॅग्डेबर्ग व आयसेनाख येथे शिकावयास राहिला. त्या काळी गरीब विद्यार्थी टोळी करून दारोदार भजने गात आणि लोक त्यांना भाकरीचा तुकडा देत. लूथरही असा गात हिंडला. आयसेनाख येथे एका सुस्थितीतील घराण्याने त्याला आपल्या मेजावर जागा दिली. परक्याच्या घरी प्रेमाने वाढलेल्या त्या जेवणाचा उपकार तो विसरला नाही.

१५०१ साली तो एरफुर्टच्या विद्यापीठात दाखल झाला आणि १५०५ च्या आरंभी मास्टरची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याने वकील व्हावे ही बापाची इच्छा होती. पण २ जुलै १५०५ रोजी घरून परत येत असता श्टोटर्नहाइम गावाजवळ मोठे वादळ झाले आणि वीज अगदी जवळ पडली. मृत्यूच्या भयाने त्याने नवस केला की, वाचलो तर मठात जाईन. दोनच आठवड्यांनी, १७ जुलै रोजी, एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठाचे दार त्याच्यामागे बंद झाले.

मठातील उपास

मठाचे नियम मुळातच कडक होते. लूथरला ते पुरेसे वाटले नाहीत. त्याने नेमून दिलेल्याहून अधिक उपास केले, अधिक रात्री जागून काढल्या. कधी कधी सलग तीन दिवस तो अन्नाचा कणही घेत नसे. हिवाळ्यात पुरेसे पांघरूण न घेता थंडीत कुडकुडत राही. पापांची कबुली देण्यास बसला म्हणजे तासन् तास उठत नसे, आणि उठून गेल्यावर एखादे पाप सांगावयाचे राहिले म्हणून पुन्हा परत येई.

या सर्वांमागे आळस किंवा ढोंग मुळीच नव्हते. त्याला मनापासून देव हवा होता. पण त्याच्या मनातील देव हा हातात हिशेबाची वही घेऊन बसलेला न्यायाधीश होता. किती उपास केले म्हणजे तो प्रसन्न होईल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. म्हणून आजचा उपास संपला की उद्याचा अधिक कडक करावयाचा, हा क्रम चालू राहिला. शरीर झिजत गेले. मनाला मात्र शांती मिळाली नाही. तो क्रम आणखी काही काळ चालला असता तर आपण मेलोच असतो, आणि त्या दिवसांत आपल्या प्रकृतीची कायमची हानी झाली, असे लूथर पुढे सांगत असे.

त्याच्या मठाचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स हा समंजस पुरुष होता. आपल्या आतील घाणीकडे पाहात बसण्याऐवजी ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहावे, असे त्याने या तरुणाला वारंवार सांगितले. त्यानेच लूथरला विटेनबर्गच्या विद्यापीठात पवित्र शास्त्र शिकविण्याच्या कामास लावले. १५१२ साली लूथर डॉक्टर झाला. स्तोत्रे आणि मग रोमकरांस पत्र शिकविता शिकविता त्याला उमगले की, देवाचे नीतिमत्त्व म्हणजे आपल्याकडून वसूल करावयाचे देणे नव्हे, तर विश्वासाने स्वीकारावयाचे दान होय. आपण स्वर्गाच्या उघड्या दारातून आत गेलो असे आपल्याला तेव्हा वाटले, असे त्याने वृद्धपणी लिहून ठेवले आहे.

मात्र शरीराची भरपाई इतक्या लवकर झाली नाही. ९५ विधाने १५१७ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर दोन वर्षांनी लाइप्त्सिग येथे मोठा वादविवाद झाला. तेथे हजर असलेल्या पेट्रुस मोसेलानुस या विद्वानाने लूथरचे वर्णन करून ठेवले आहे. चिंतेने व अभ्यासाने हा मनुष्य इतका वाळला आहे की, जवळून पाहिले तर त्याची हाडे मोजता येतील, असा त्याचा आशय आहे. तेव्हा लूथरचे वय ३५ वर्षांचे होते.

उपासाविषयी नवा विचार

१५२० साली लूथरने जे ग्रंथ लिहिले त्यांपैकी दोहोंत त्याने या विषयाचा विचार केला आहे. सत्कृत्यांविषयीच्या ग्रंथात त्याने उपास मोडीत काढलेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. शरीर माजले, आळसावले, तर त्याला आवर घालण्यासाठी उपास हे साधन आहे, असे तो मानतो. पण साधन हे साधनच. किती उपास करावा हे दिनदर्शिकेवरून किंवा शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नये. प्रत्येकाने आपल्या शरीराची गरज पाहून ठरवावे. उपासाने डोके रिकामे होऊ लागले, पोट बिघडू लागले, तर तो सोडावा, आणि खावे, झोपावे, स्वस्थ राहावे. ज्यांनी उपासाच्या नावाखाली आपली प्रकृती नासविली त्यांनी देवाची सेवा केली असे तो म्हणत नाही. उलट त्यांना आपल्या या कृत्याचा जाब द्यावा लागेल, असा त्याचा इशारा आहे.

ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याविषयीच्या ग्रंथात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. ख्रिस्ती मनुष्य आपल्या शरीराची काळजी कशासाठी घेतो? स्वतःच्या चैनीसाठी नव्हे. शरीर धडधाकट असेल तर काम करता येते, काम केले तर चार पैसे मिळतात, आणि त्यांतून गरजवंताला मदत करता येते. बळकटाने दुर्बळाचे ओझे उचलावे म्हणून त्याने बळकट राहावे. याच कारणाने शरीर सांभाळणे हे ख्रिस्ती काम ठरते. हा विचार इतका साधा आहे की, त्याचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. ज्या शरीराला लूथर मठात शत्रू समजून उपाशी मारीत होता, ते आता शेजाऱ्याच्या सेवेचे हत्यार ठरले. आणि आपले हत्यार कोणी शहाणा कारागीर मोडून टाकीत नाही.

सक्ती दोन्ही बाजूंनी नको

एप्रिल १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेपुढे लूथरने आपले लेखन मागे घेण्यास नकार दिला. परतीच्या वाटेवर सॅक्सनीच्या अधिपतीच्या माणसांनी त्याला गुप्तपणे वार्टबर्गच्या किल्ल्यावर नेऊन ठेवले. तेथे जड अन्न, बैठे जीवन आणि एकान्त यांमुळे त्याचे पोट फार बिघडले. बद्धकोष्ठाच्या त्रासाविषयी त्याने मित्रांना अगदी उघडपणे लिहिले. त्याच एकान्तात सुमारे ११ आठवड्यांत त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर पुरे केले.

इकडे विटेनबर्गमध्ये सुधारणेचा उत्साह हाताबाहेर गेला. जुन्या नियमांप्रमाणे उपासाच्या दिवशी मांस खाणे पाप होते. आता काही पुढारी असे भासवू लागले की, त्या दिवशी मांस न खाणारा खरा ख्रिस्तीच नव्हे. जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. हे ऐकून लूथर जीव धोक्यात घालून परतला, आणि ९ मार्च १५२२ या लेंतच्या पहिल्या रविवारापासून त्याने सलग आठ दिवस उपदेश केले. त्यांत खाण्यापिण्याचाही विषय होता. देवाने जे मोकळे ठेवले आहे ते कोणीही सक्तीचे करू नये. कोणी दटावून, खाऊ नको, असे म्हणेल तर आपले स्वातंत्र्य दाखविण्यासाठी खावे. आणि विश्वासाने दुर्बळ असलेला भाऊ अडखळेल तर प्रीतीसाठी न खावे. पण खाण्याने किंवा न खाण्याने कोणी देवाला अधिक प्रिय होत नाही.

विटेनबर्ग शांत झाले. गावकऱ्यांनी तलवारीच्या धाकावाचून ऐकले, याचे श्रेय लूथरने स्वतःला न देता देवाच्या वचनाला दिले.

काथरीनाचे मेज

१५२३ च्या ईस्टरच्या सुमारास निम्बशेनच्या मठातून १२ मठवासिनी पळाल्या. तोर्गाऊचा व्यापारी लेओनार्ड कोप्पे हा त्या मठाला हेरिंग मासे पुरवीत असे. त्याच्याच गाडीतून त्या बाहेर पडल्या. त्यांत काथरीना फॉन बोरा ही २४ वर्षांची तरुणी होती. १३ जून १५२५ रोजी लूथरने तिच्याशी विवाह केला. तो ४१ वर्षांचा होता. लग्नापूर्वी त्याचे खाणे-झोपणे फार अनियमित होते. आपला बिछाना वर्षभर कोणी झाडला नव्हता आणि आपण त्याच कुजट अंथरुणावर पडत होतो, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

संसारासाठी त्यांना विटेनबर्गचा रिकामा पडलेला ऑगस्टिनियन मठच मिळाला. देवाची ही करणी पाहण्यासारखी आहे. ज्या भिंतींआड मठवासी उपास मोजीत होते, तेथेच आता चूल पेटली. काथरीना पहाटे सर्वांआधी उठे. तिने भाजीपाल्याचे मळे केले, डुकरे, गाई, कोंबड्या पाळल्या, तळ्यात मासे वाढविले, घरची बिअर गाळली, आणि पुढे त्सुल्सडॉर्फ येथील शेत सांभाळले. मेजाभोवती लूथरची स्वतःची मुले, बहिणींची अनाथ मुले, भाडेकरू विद्यार्थी, घरदार गमावलेले पाळक आणि वाटसरू बसत. पैसा कधीच पुरत नसे, कारण लूथर हाती येईल ते देऊन टाकी. ताळमेळ काथरीनाच बसवी. त्या मेजावरील संभाषणे विद्यार्थ्यांनी लिहून घेतली, आणि १५६६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती जगाला मिळालेली पुष्कळशी शिकवण काथरीनाने वाढलेल्या ताटांभोवती निघाली आहे.

१५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला. बहुतेक लोक गाव सोडून गेले. लूथर व काथरीना राहिले, आणि त्यांच्या घराचे इस्पितळ झाले. त्या वेळी लूथरने प्लेगविषयी एक पत्रक लिहिले. औषध न घेणे किंवा साथीत विनाकारण हिंडणे हा विश्वास नव्हे, तर देवाची परीक्षा पाहणे होय, असे त्यात त्याने बजावले. शरीर देवाने दिले आहे, तेव्हा त्याला जपण्याची साधनेही देवाचीच आहेत, ही त्याची भूमिका तेथेही कायम होती.

१५२९ साली लहान प्रश्नोत्तरावली निघाली. तिच्यात घरातील वडिलांनी मुलांना जेवणापूर्वी व जेवणानंतर प्रार्थना शिकवावी, म्हणून त्या प्रार्थना दिल्या आहेत. विश्वासाच्या अंगीकाराच्या पहिल्या कलमाचे स्पष्टीकरण करताना देवाने मला शरीर, डोळे, कान आणि सर्व अवयव दिले व तो ते सांभाळतो, येथून आरंभ केला आहे. आणि रोजच्या भाकरीत तो अन्न, वस्त्र, घर, शेत यांबरोबरच चांगले सरकार, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, विश्वासू मित्र आणि शेजारी हे सर्व मोजतो. प्रभूने ती भाकर आमची म्हणून मागावयास शिकविली, माझी म्हणून नव्हे. शेजाऱ्याचे ताट रिकामे असता केवळ स्वतःच्या ताटातील घास मोजीत बसणे त्या प्रार्थनेत बसत नाही.

खिन्न माणसांना जेवू घालणारा पाळक

लूथरला आयुष्यभर खिन्नतेचे झटके येत. आपण एकटे, उपाशी आणि जागे असलो म्हणजे सैतानाला संधी मिळते, हे तो अनुभवाने जाणत होता. म्हणून इतरांना सल्ला देताना तो जेवणास फार महत्त्व देई. १५३० साली तो कोबुर्गच्या किल्ल्यात राहिला असता, त्याच्या मुलांचा शिक्षक हिएरोनिमस वेलर निराशेने ग्रासला होता. एकान्त टाळ, माणसांत बस, खा, पी, हास, असे लूथरने त्याला कळविले. त्याच सुमारास आउग्सबुर्ग येथे कामाच्या ओझ्याने वाकलेल्या फिलिप मेलांख्थोनला त्याने बजावले की, देवासाठी म्हणून आपल्या शरीराचा घात करू नये. विश्रांतीनेही देवाची सेवा होते, आणि शब्बाथाची आज्ञा देवाने त्याचसाठी दिली आहे.

पुढे दहा वर्षांनी, १५४० च्या जून महिन्यात, या मित्रावर त्याहून बिकट प्रसंग आला. हेस्सेचा अधिपती फिलिप याने पहिली पत्नी असता दुसरा विवाह केला होता, आणि त्याला संमतीचा सल्ला देणाऱ्यांत लूथर व मेलांख्थोन हे दोघेही होते. ती मोठीच चूक होती. ती उघड झाली तेव्हा मेलांख्थोनने इतकी हाय खाल्ली की, वाटेत वायमार येथे तो मरणोन्मुख होऊन पडला. अन्नपाणी सुटले, डोळे निस्तेज झाले. लूथर धावत आला. त्याला पाहून तो घाबरला. मग खिडकीकडे तोंड करून त्याने कळकळीने प्रार्थना केली, आणि मित्राचा हात धरून त्याला धीर दिला. त्याने काही खावे म्हणून लूथरने जेवण मागविले. मेलांख्थोन नको म्हणाला. तेव्हा लूथरने दरडावून सांगितले की, खाल्ले नाहीस तर तुला मंडळीतून बहिष्कृत करीन! मेलांख्थोनने खाल्ले, आणि हळूहळू बरा झाला. तो त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगला.

ही कथा वाचताना आम्हांस एलीयाची आठवण होते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवाच्या दूताने आधी उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खावयास लावले. होरेबची वाट त्यानंतरची. (१ राजे १९)

दुसरा धोका

लूथरचे सर्वच वागणे अनुकरणीय होते असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्यांच्या उठावाच्या वेळी १५२५ साली आणि यहूदी लोकांविषयी १५४३ साली त्याने जे लिहिले ते कठोर व प्रीतीस सोडून होते. त्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळ्यांनीही पुढे यहूदी लोकांविरुद्धच्या त्या लेखनाचा निषेध केला आहे. खाण्यापिण्याच्या बाबतीतही तो उतारवयात बराच स्थूल झाला. बिअर हे त्या देशात घरोघरचे पेय होते. परंतु त्याच्या मेजावर ते होते म्हणून आपल्याकडील दारूच्या दुकानास कोणी लूथरचा आधार देऊ नये. दारूबाजी हा जर्मन लोकांचा खास सैतान आहे, असे तो म्हणे, आणि १५३९ साली पेत्राच्या पहिल्या पत्रावरून त्याने खादाडपणा व मद्यपान यांविरुद्ध खरमरीत उपदेश केला. उपाशी मारणे आणि खाऊन माजणे, या दोन्ही वाटा तो जाणून होता. एकीकडे शरीर शत्रू ठरते, दुसरीकडे ते देव ठरते. ते देवाचे दान आहे हे दोन्हीकडे विसरले जाते.

दुखण्यांनीही त्याला सोडले नाही. १५३७ च्या फेब्रुवारीत श्मालकाल्डेन येथे मूतखड्याने त्याची लघवी कित्येक दिवस अडली. मरणाची तयारी करून त्याला गाडीत घालून नेत असता, रस्त्याच्या धक्क्यांनी तांबाख येथे अडथळा सुटला, आणि त्याने आनंदाने काथरीनाला पत्र लिहिले. त्याची सर्व दुखणी उपासामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. तथापि आजारी शरीरानेही देवाची सेवा होते, हे त्याने दाखवून दिले. जुन्या कराराचे भाषांतर पुरे करून संपूर्ण जर्मन बायबल त्याने १५३४ साली लोकांच्या हाती दिले, तेही चक्कर, कानांतील घणघण आणि मूतखडा सोसून. सडपातळ, निरोगी देहाखेरीज देवाला आपला उपयोग नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे स्मरावे.

१५४६ च्या जानेवारीत तो मान्सफेल्डच्या सरदारांचे भांडण मिटविण्यासाठी निघाला. काथरीना घरी काळजी करीत होती. देव काळजी घेतो, तेव्हा तू देवाचे काम आपल्या माथी घेऊ नकोस, अशा अर्थाची थट्टेची पत्रे त्याने तिला पाठविली. भांडण मिटले. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी, आपल्या जन्मगावी आइस्लेबेन येथे, वयाच्या ६२ व्या वर्षी तो प्रभूमध्ये झोपी गेला. त्याच्या शेवटच्या टिपणात आपण सारे भिकारी आहोत हे खरे, अशा अर्थाचे शब्द होते. दारोदार गाऊन भाकर मागणारा मुलगा शेवटीही देवाच्या दारी हात पसरूनच उभा होता; फरक इतकाच की, आता त्याला भीती नव्हती. त्याचा मुलगा पाउल पुढे नावाजलेला वैद्य झाला, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, आपल्या काळी कोणी मठात जाऊन उपास करीत नाही. पण वजनाच्या काट्यापुढे रोज सकाळी उभे राहून आपण चांगले की वाईट हे ठरविणे, हा जुन्याच मठाचा नवा दरवाजा आहे. त्या धर्मात आज्ञा पुष्कळ, कबुली पुष्कळ, प्रायश्चित्त पुष्कळ; क्षमा मात्र नाही. कलस्सैकरांस लिहिताना पौलाने अशाच नियमांविषयी सावध केले आहे. चाखू नको, शिवू नको, हे नियम ज्ञानाचे वाटतात, पण त्यांनी मनुष्य आतून बदलत नाही. आणि इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आपल्या देहाचे पालनपोषण करणे ही इतकी स्वाभाविक गोष्ट मानली आहे की, ख्रिस्त मंडळीला कसे जपतो हे सांगण्यासाठी पौल तिचाच दाखला देतो.

याचा अर्थ पथ्य पाळू नये असा नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने डॉक्टरांचे ऐकावे. ते शरीराचे पोषणच होय. लेंतमध्ये कोणी प्रार्थनेसाठी एक वेळचे जेवण सोडून ते पैसे गरिबांस देत असेल तर तेही चांगले. पण घरातील कोणी अन्नाला भिऊ लागले, लपून खाऊ लागले, मुद्दाम ओकू लागले किंवा दिवसेंदिवस वाळत चालले, तर त्यास हट्ट म्हणू नये व पापही म्हणू नये. ते दुखणे आहे. त्यास वैद्यकीय मदत हवी, आणि मेलांख्थोनजवळ बसला तसा कोणी जवळ बसणारा हवा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, वर्गातील मुलामुलींच्या जाडेपणावर किंवा बारीकपणावर थट्टेनेही बोलू नये. त्यांना खाऊ देताना आभाराची प्रार्थना शिकवावी, आणि शरीर कशासाठी आहे हे सांगावे: आजीची पिशवी उचलण्यासाठी, धाकट्याला कडेवर घेण्यासाठी, गाण्यासाठी, गुडघे टेकण्यासाठी. आणि आयांनो, सर्वांना वाढून झाल्यावर आपले ताटही पूर्ण वाढून घ्या. तुमची मुलगी ते पाहात असते.

धर्मसुधारणेच्या दिवशी आपण कृपेचे गीत गाऊ. मग घरी जाऊन मेजाभोवती बसू, मस्तके लववू, देवबापाचे आभार मानू, आणि त्याने दिलेले अन्न निर्भयपणे, पोटभर आणि वाटून खाऊ. त्या दिवसाची आठवण ठेवण्याचा तोही एक चांगला मार्ग आहे.